हे काम कुणी केलंय?

"हे काम कुणी केलंय?" असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडात पाणी ओढणारी नळी होती, त्यामुळे उत्तर देणं शक्यच नव्हतं. पण त्या प्रश्नानं मी खुर्चीत आक्रसले. हा प्रश्न आपल्याकडे कुठल्या सुरात विचारला जातो ते इतक्या वर्षांत चांगलं कळलंय. नवा प्लंबर बेसिनखाली वाकून बघतो आणि हेच विचारतो. नवा इलेक्ट्रिशियन स्विचबोर्ड उघडतो आणि हेच विचारतो. त्याच्या पुढचं वाक्य ठरलेलं असतं: आधीच्यानं पार वाट लावून ठेवलीय. मी तेच ऐकायच्या तयारीत होते. डॉक्टरांनी आरसा जरा तिरका केला, माझ्या दाढेवरच्या जुन्या कॅपच्या कडेवरून टोकदार सुई हिरडीच्या बाजूनं हळूच फिरवली, एक फेरी पूर्ण केली आणि मास्कच्या आतून म्हणाल्या, "फार सुंदर काम आहे, काकू. कड कुठेच अडकत नाहीये. मला यात भोक पाडायचं जिवावर आलंय."

ते वाक्य अजून मनातून गेलेलं नाही.

दुखणं सुरू झालं ते चहानं. डिसेंबरात पुण्याला थंडी पडली की सकाळचा पहिला कप मी गॅलरीत उभी राहून, दोन्ही हातांत धरून पिते. त्या दिवशी घोट डावीकडे गेला तेव्हा काहीच झालं नाही. कप खाली ठेवला आणि मग खालच्या जबड्यातून एक कळ उठली ती थेट कानात जाऊन बसली. गारानं दात शिणशिणतात हे आपल्याला माहीत असतं, इथे सगळं उलटं. फ्रिजमधल्या पाण्याचा घोट गालात धरला की ठणका थांबायचा, पाणी तोंडात कोमट झालं की पुन्हा सुरू. रात्री आडवं झालं की आणखी वाढायचा, म्हणून पाठीला उशा लावून बसून राहायचं, उशाशी गार पाण्याचा तांब्या. कर्वे रोडवरचा आवाज हळूहळू कमी होत जायचा, मग सोसायटीतली कुत्री, मग पहाटे दुधाच्या पिशव्या टाकणारा मुलगा. लवंग धरून झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, गोळीनं चार तास बरं वाटायचं. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे नेमका कुठला दात दुखतोय तेच सांगता येईना. वरचा की खालचा? कान दुखतोय की दाढ? ह्यांनी टॉर्च धरून तोंडात पाहिलं, तर सगळे दात जागच्या जागी, एकावरही डाग नाही.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की यात माझं काही चुकत नव्हतं. दाताच्या आतल्या नसेला वेदना कळते, वेदनेची जागा कळत नाही. जागा कळते ती मुळाभोवतीच्या तंतूंना, आणि आतली सूज तिथवर पोचेपर्यंत माणूस असाच चाचपडत राहतो. वरच्या-खालच्याची गल्लत होते, पण डावीकडचं दुखणं मधली रेघ ओलांडून उजवीकडे जात नाही. बोट सुजलं तर निदान फुगायला मोकळं असतं. दातातली नस चारी बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेली, तिथे थोडीशी सूजही सहन होत नाही. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि तेवढंही तिला पुरतं. गरमानं कळ आणि गारानं आराम, हे तर नस निम्मीशिम्मी मेल्याचं लक्षण. त्यांनी आरशाच्या दांड्यानं एकेका दातावर टकटक केली. गार कापूस लावून बाकीचे दात तपासता येतात, पण चिनी मातीच्या आणि धातूच्या टोपीखाली काय चाललंय ते तसं खात्रीनं कळत नाही. तिथे दांड्याची टकटकच कामाला आली. कॅपवर दांडा पडला आणि मी खुर्चीचा हात घट्ट पकडला.

ती कॅप बसली 2009 च्या पावसाळ्यात. स्वाइन फ्लूचा ऑगस्ट पुणेकरांना आठवत असेल. शाळा बंद, थिएटरं बंद, लक्ष्मी रोडवर रुमाल बांधलेली माणसं, औषधाच्या दुकानांत मास्क मिळेनात. आमच्या शाळेला सुट्टी मिळाली म्हणूनच मला दाढेकडे बघायला वेळ झाला. त्या दाढेत कॉलेजात असताना भरलेली मोठी चांदी होती, तिच्या बाजूचा टवका उडाला होता आणि उरलेल्या भिंतीला चीर गेली होती. तेव्हाचे आमचे डॉक्टर सदाशिव पेठेत बसायचे, लाकडी जिना चढून पहिल्या मजल्यावर. खाली कुणाचं तरी वह्यांचं दुकान होतं, त्यामुळे वर बसल्यावर लवंगेच्या तेलाच्या वासात नव्या कागदाचा वास मिसळायचा. त्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "दात जिवंत आहे. नस शांत आहे. उगाच कशाला मारायची? कॅप घालू. पुढेमागे लागलंच, तर रूट कॅनाल तेव्हा करता येईल."

हे पुढेमागे आता आलं, आणि घरात लगेच आरोपी सापडला. मुलगा बाणेरहून फोनवर म्हणाला, "आई, कॅपच्या आधीच रूट कॅनाल करून टाकायला हवं होतं ना. त्यांनी अर्धवट काम केलं, आता डबल खर्च." नणंद म्हणाली, हल्लीच्या डॉक्टरांना सगळं पैशासाठी हवं असतं, तू काढूनच टाक. म्हणजे जुन्या डॉक्टरांनी कमी केलं म्हणून ते दोषी आणि नव्या डॉक्टर जास्त करतायत म्हणून त्या दोषी. मला दोन्ही पटेना. कॅप घालायची तर दात चहूबाजूंनी मिलिमीटर-दीड मिलिमीटर तासावा लागतो, वरून त्याहून थोडा जास्त. आधी कीड, मग चांदी, मग चीर, मग तासणं, असा मार दात आतल्या आत सोसत असतो. बहुतेक दात सोसतात आणि पुढे वर्षानुवर्षं नीट राहतात. काहींची नस हळूहळू खंगते. कुठला दात कुठल्या बाजूला जाणार हे त्या दिवशी एक्स-रे बघून कुणालाही सांगता येत नाही. मग जिवंत नस केवळ भीतीपोटी काढून टाकायची का? नस काढली की दाताला गार-गरम काही कळत नाही, आत नवी कीड लागली तरी तो ओरडून सांगू शकत नाही. त्यांनी तिला संधी दिली, आणि तिनं पंधराएक वर्षं काढली. कॅपही तितकीच टिकली, आणि कॅपचं आयुष्य दहा-पंधरा वर्षं धरतात. याला अर्धवट काम कसं म्हणायचं?

शाळेत मी आयुष्यभर हेच ऐकलं. जूनमध्ये नवा वर्ग हातात आला की स्टाफरूममध्ये पहिल्या आठवड्यात एकच वाक्य फिरायचं, पोरांचा पायाच कच्चा आहे. आठवीच्या बाई सातवीच्या बाईंना बोल लावायच्या, सातवीच्या सहावीच्या सरांना, आणि सगळे मिळून बालवाडीला. ज्या बाईंनी साठ मुलांच्या वर्गात एका मुलाला कसंबसं वाचायला शिकवलेलं असायचं त्यांचे कष्ट त्या मुलाच्या वाचण्यात मिसळून गेलेले, दिसणार कुठून? दिसायचं ते फक्त राहून गेलेलं. बाईंच्या कष्टांबद्दल कुणी चार शब्द बोललेलं मला आठवत नाही. म्हणून एका अनोळखी डॉक्टरनं माझ्या तोंडात वाकून, ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसाच्या हाताला दाद दिली तेव्हा मला गलबलून आलं. डोळ्यांत पाणी बघून त्यांना वाटलं इंजेक्शन दुखलं.

त्या पुढे असंही म्हणाल्या, "लॅबचं कामही बघा ना. खाचा किती बारीक कोरल्यात." हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. कॅप डॉक्टर बनवत नाहीत. ते दात तासतात, माप घेतात, त्या मापात प्लास्टर ओतून माझ्या जबड्याची प्रतिकृती तयार होते आणि ती डबीत घालून लॅबमध्ये जाते. सोबत एक चिठ्ठी, तिच्यावर दाताचा नंबर आणि रंगाची खूण, माझ्या बाबतीत ए थ्री. तिथे कुणीतरी मेणाचा दात घडवला असेल, त्यावरून धातूची टोपी ओतली असेल, मग ओल्या पोर्सिलेनचे थर कुंचल्यानं चढवून नऊशे अंशांच्या वर तापवलेल्या भट्टीत पुन्हा पुन्हा भाजले असतील. खऱ्या दाढेला असतात तसे उंचवटे, तशा घळी, अगदी मधल्या खाचेत किंचित तपकिरी रंगसुद्धा, म्हणजे शेजारच्या दाढांत ती नवी म्हणून उठून दिसू नये. त्या कारागिरानं माझा चेहरा कधी पाहिला नाही. माझी भाकरी, माझे शेंगदाणे, पावसाळ्यातलं कणीस, सगळं मी त्याच्या हातच्या दाढेनं चावलं.

आणि त्या टोपीखालची दाढ तर माझ्यापेक्षा फारशी लहान नाही. डावीकडची खालची पहिली मोठी दाढ, डॉक्टरांच्या भाषेत छत्तीस नंबर. ती सहाव्या वर्षी येते, दुधाचा एकही दात न पाडता सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते, त्यामुळे कित्येक आया तिला दुधाचीच समजतात आणि किडली तर किडू द्या, पडेल, म्हणतात. तिचं घडणं मात्र त्याच्या कितीतरी आधी, जन्माच्या सुमारास सुरू झालेलं असतं. आजोळी, सातारकडे, आमची आजी मला मांडीवर घेऊन तोंडात बोट घालून हिरडी चाचपायची. तिच्या स्वतःच्या तोंडाचं तेव्हा बोळकं झालेलं होतं. मशेरीनं हिरड्या काळ्या, दाढ दुखली की तालुक्याला जाऊन उपटून यायची, घरी येऊन चूल पेटवायची. दात वाचवता येतो हे तिला कुणी सांगितलंच नाही. शेवटची काही वर्षं ती भाकरी ताकात कुस्करून खायची आणि आम्ही कुरकुरीत काही खाल्लं की आवाज ऐकत बसायची. नणंद काढून टाक म्हणाली तेव्हा मला आजीचा तो ताकाचा वाडगा दिसला आणि मी दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली.

डॉक्टरांनी पुढचं सगळं आधी समजावलं. कॅप काढायला गेलं तर ती वाकडी होईल किंवा खालचा दातच तुटेल. त्यापेक्षा कॅपच्या माथ्यातून भोक पाडून आत जायचं. पोर्सिलेनचा टवका उडू शकतो, तसं झालं तर नवी कॅप. आणि आत दिसणार फारसं काही नाही, कारण एक्स-रेमध्ये धातूची टोपी नुसती पांढरी दिसते, तिच्याखालची पोकळी झाकलेली. शिवाय कॅप करताना दाढेचा मूळचा कल लपतो. वरून सरळ दिसणारा दात खाली किंचित झुकलेला असू शकतो, आणि कॅपच्या भरवशावर सरळ खाली गेलं तर दाताच्या भिंतीलाच भोक पडतं. म्हणून त्यांनी दोन कोनांतून एक्स-रे काढले, हिरडीच्या कडेनं सुई घालून मुळं कुठल्या दिशेला उतरतात ते चाचपलं. भूल एका इंजेक्शनात चढली नाही. सुजलेली नस लवकर सुन्न होत नाही. दुसरं दिलं, छाती जरा धडधडली, मग ओठ जड झाला. भुलीचं हे औषध, लिग्नोकेन, 1943 साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी बनवलं. आजीच्या तालुक्याच्या दवाखान्यात ते किती मिळत होतं कोण जाणे.

ड्रिलचा आवाज मला अजून ऐकू येतो, कारण तो थरागणिक बदलत गेला. आधी पोर्सिलेनवर हिऱ्याच्या टोकाचं बारीक, काचेवरचं किरकिरणं, तोंडात गार पाण्याचा फवारा. थांबून त्यांनी टोक बदललं. मग धातू, तिथे आवाज जाड झाला, जबड्याचं हाड थरथरलं. मग एकदम मऊ. कॅपखालचं सिमेंट गेलं आणि दातच लागला होता. तिथून पुढे त्या घाई करेनात. तोंडावर निळा रबरी पडदा ताणलेला, त्यातून फक्त ती एक दाढ वर आलेली, आणि पडद्यामागून स्विमिंग टँकसारखा क्लोरिनचा वास. वर्षांनुवर्षं मार सोसलेला दात आतली पोकळी स्वतःच आकसून घेतो, त्यामुळे नसेची तोंडं शोधायला वेळ लागला. टोकदार सुईनं त्या तळ चाचपत होत्या. सुई जिथे किंचित चिकटते तिथे वाट असते. दोन वाटा सापडल्या, तिसरी सापडेना. खाली टिळक रोडवर बस हॉर्न देत होती, मदतनीस मुलीनं दिवा जरा सरकवला, आणि डॉक्टरांनी वाट घासायची अगदी बारीक सुई, म्हणजे फाइल, बोटांच्या चिमटीत धरून, घड्याळाला किल्ली देतात तशी पाव आट्यानं पुढे, पाव आट्यानं मागे फिरवायला सुरुवात केली. तिचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकं. त्या माझ्या दाताकडे बघतच नव्हत्या. नजर समोरच्या भिंतीवर, सगळं लक्ष बोटांत. फाइलला जोडलेलं छोटं यंत्र मुळाचं टोक जवळ येईल तसं पीप पीप करतं. आधी काहीच नाही, मग तुटक, मग सलग. "मिळाली," त्या म्हणाल्या, आणि मदतनीस मुलगी हसल्याचं मास्कवरूनही कळलं.

पुढच्या वेळेपर्यंत आत औषध भरून ठेवलं, ठणका त्याच रात्री गेला. शेवटच्या वेळी वाटा भरल्या त्या गुलाबी बारीक काड्यांनी, गटापर्चा. मलायाकडच्या झाडाचा चीक. 1870 मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेनं इंग्लंडशी जोडली गेली तेव्हा पाणी आत शिरू नये म्हणून तांब्याच्या तारेवर याच चिकाचं वेष्टन होतं. दातात त्याचं काम तेच, आत काही शिरू द्यायचं नाही. काम झाल्यावर डॉक्टरांनी माझ्या कार्डावर तिन्ही वाटांची लांबी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत लिहिली, 19.5, 20, 20.5, आणि तिसरी वाट कुठल्या कोपऱ्यात होती त्याचं छोटं चित्र काढलं. "पुढे कुणाला हा दात उघडायची वेळ आली तर शोधत बसायला नको," त्या म्हणाल्या. मी त्याचा फोटो काढून घेतला.

त्या रविवारी मी जुन्या डॉक्टरांना फोन केला. दवाखाना बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली, नंबर मात्र तोच. आवाज थकलेला होता पण ओळख लगेच लागली. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कड उघडी पडली होती का?" मी म्हटलं, नाही, डॉक्टरांनी सुई फिरवून बघितली, कुठेच अडकली नाही. कॅपखाली कीडही नव्हती. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "मग नसच दमली." ती मेली याचं त्यांना वाईट वाटलं, कड शाबूत होती याचं बरं वाटलं, आणि दोन्ही एकाच सुरात ऐकू आलं. मी त्यांना खाचांबद्दल सांगितलं, नव्या डॉक्टर सुंदर काम म्हणाल्या तेही सांगितलं. त्यावर ते लॅबमधल्या त्या कारागिराबद्दल बोलत राहिले. फार हळू काम करायचा, म्हणाले, घाई केली की चिडायचा, पण त्याचं काम कधी परत पाठवावं लागलं नाही. नवी कॅप करू का असं विचारल्यावर म्हणाले, "ते त्या ठरवतील. आता दात त्यांच्या हातात आहे."

नव्या डॉक्टरांनी जुनीच कॅप ठेवायचं ठरवलं. टवका उडाला नव्हता, कड घट्ट होती. माथ्यावरचं भोक दाताच्या रंगाच्या मसाल्यानं भरलं, निळा दिवा धरून कडक केलं, लाल कागद चावायला देऊन उंचवटा घासला. जीभ फिरवली की तेवढी जागा वेगळी, जरा जास्त गुळगुळीत लागते. गार पाणी डावीकडून गेलं तर आता काहीच कळत नाही, आणि याची मला रुखरुख आहे. चावल्याचा दाब मात्र पूर्वीसारखाच कळतो, कारण ती जाण मुळाभोवतीच्या तंतूंची, आणि ते शाबूत आहेत. मागच्या मुळाच्या टोकाशी एक्स-रेमध्ये काळसर सावली होती. तिथलं हाड भरून यायला कित्येक महिने लागतात, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे. तोवर डावीकडून चावायला मोकळीक आहे, फक्त कडक काही नको. संक्रांतीचा तिळगूळ यंदा चिक्कीच्या गुळाचा केला नाही, साध्या गुळाच्या मऊ वड्या थापल्या, आणि नणंदेला त्याच आवडल्या.